अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांवरचे डाग: बोर्डो, खारं पाणी आणि चेनचं तेल

वावर_वरूड

राम राम राजेहो. एक सल्ला पायजे. माह्या दीडशे सीसीच्या गाडीले अ‍ॅलॉयची चाकं हायेत. मधातल्या दांड्या काळ्या रंगाच्या, आन् रिमची कड चांदीसारखी. गाडी घेतली तवा ते कड आरशावानी दिसे. आता पुढच्या चाकावर निळे-हिरवे डाग पडले, दोन्ही कडीवर पांढरे गोल गोल ठिपके बसले, आन् मागच्या चाकावर तपकिरी-काळा थर हाय. तो नखानं निघते, फडक्यानं निघत नाई. संत्र्याचा बगीचा हाय, गाडी धुऱ्यावर उभी रायते, फवारणीचा पंपही तिच्यावरच नेतो.

धुलाईवाला म्हणते, अ‍ॅसिड मारून देतो, दोन मिनिटात पांढरं शुभ्र. मले भेव वाटते. दसऱ्याले गाडीची पूजा हाय, पण त्याच्यापाई चाकं खराब नाई कराची. ज्याईले अनुभव असंल त्याईनं सांगा, आधी काय कराव आन् मंग काय कराव.

रसायन_शिक्षक

दादा, अ‍ॅसिडला ठाम नकार द्या. कारणही सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी कुणी आग्रह केला तरी तुम्ही डगमगणार नाही.

अ‍ॅल्युमिनियम हवेत उघडं राहतच नाही. घासून चकचकीत केलं की लगेच त्याच्यावर ऑक्साइडचा थर धरतो. जाडी काही नॅनोमीटर, डोळ्यांना दिसत नाही, पण खालच्या धातूचं राखण तोच करतो. पीएच साधारण ४ ते ८.५ असेल तोवर हा थर टिकतो. पीएच ४ च्या खाली गेला की आम्ल त्याला विरघळवतं आणि ८.५ च्या वर गेला की अल्कली. घरातलं उदाहरण घ्या: जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, पातेल्यात खाण्याच्या किंवा धुण्याच्या सोड्याचं पाणी उकळलं की तो आतून काळा पडतो, आणि टोमॅटो शिजवला की उजळतो. दोन्ही वेळा वरचा थर हलतो.

धुलाईच्या ठिकाणी बहुतेक वेळा फरशी-संडास धुवायचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच पाण्यात घालून मारतात. ते आधी हा थर खातं, मग धातू खायला लागतं. फेस येतो तो घाणीचा नसतो, हायड्रोजनचे बुडबुडे असतात. नंतर जो पांढरा रंग दिसतो तो आम्लानं खडबडीत केलेला पृष्ठभाग. त्यात पुढची घाण जास्त घट्ट बसते. शिवाय क्लोराइड बारीक खाचांत राहतं आणि आतून पोखरत राहतं. वाफेनं चेन, डिस्क, नट-बोल्ट गंजतात ते वेगळंच.

आणखी एक. बाजारात अ‍ॅलॉय चमकवायचे जे जहाल द्राव मिळतात, त्यातल्या काहींत हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असतं. ते कातडीतून आत जातं, सुरुवातीला अनेकदा दुखत नाही, आणि शरीरातलं कॅल्शियम ओढून घेतं. बाटलीवर घटक लिहिलेले नसतील तर ती घरात आणूच नका. कॉस्टिक सोडाही तितकाच वर्ज्य, तो अ‍ॅल्युमिनियमला आम्लापेक्षा वेगानं खातो.

बफ_भंडारा

मी बफिंगच्या, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर (बफवर) धातू चमकवायच्या कामात आहे. पितळेची भांडी जास्त, गाड्यांचे पार्ट अधूनमधून. सरांनी रसायन सांगितलं, मी हाताचं सांगतो.

डाग काढण्याआधी चाकाचा वरचा थर काय आहे ते ओळखा. इथंच बहुतेकांची गाडी चुकते. अ‍ॅलॉयचं चाक चार प्रकारचं असू शकतं. पूर्ण रंगवलेलं किंवा पावडर कोटिंगचं. लेथवर कड कापून त्यावर पारदर्शक लॅकर मारलेलं. पॉलिश करून तसंच उघडं सोडलेलं. आणि अ‍ॅनोडाइज केलेलं, जे आपल्याकडं कमीच दिसतं. तुमच्या वर्णनावरून ते दुसऱ्या प्रकारचं वाटतं, दांड्या रंगवलेल्या आणि कड कापलेली.

खात्री अशी करा. पांढऱ्या सुती फडक्यावर हरभऱ्याएवढं मेटल पॉलिश घ्या आणि कडीवर, कुठंतरी न दिसणाऱ्या जागी, हळू घासा. फडकं काळं झालं तर धातू उघडा आहे, ती काळी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचीच भुकटी. फडकं पांढरंच राहिलं तर वर लॅकर आहे. लॅकर शाबूत असेल तर मेटल पॉलिश, वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश पेपर), तारेचा चोथा, यातलं काही लावायचं नाही. तुम्ही धातू नाही, लॅकर घासत असता, आणि ते एकदा धुरकट झालं की परत येत नाही.

आरीची (स्पोकची) चाकं असलेल्यांनी आधी लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर रिम पोलादी आणि वर क्रोम, तिची पद्धत वेगळी. नाही चिकटला तर अ‍ॅल्युमिनियम.

संत्रा_मोर्शी

वरूडवाले भाऊ, ते निळे-हिरवे डाग बोर्डोचे, म्हणजे झाडाच्या बुरशीवर फवारतो त्या मिश्रणाचे हायेत, दुसरं काई नाई. आपल्या पट्ट्यात झाडापेक्षा गाडीवर जास्त बोर्डो उडते.

तुमाले माहीतच हाय, एक टक्का बोर्डो म्हणजे एक किलो मोरचूद (तांब्याचं निळं मीठ), एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. बुंध्याले लावाच्या मलमात तेच, पण पाणी फक्त दहा लिटर. आन् मिश्रण जमलं का नाई हे पाहासाठी आपण त्याच्यात घासलेला इळा बुडवतो. इळ्यावर तांबूस थर आला तं मोरचूद मोकळं हाय, चुना अजून पायजे. म्हणूनच बोर्डो लोखंडाच्या टाकीत नाई बनवत, प्लास्टिकच्या टाकीत बनवतो.

आता जे इळ्यावर होते तेच चाकावर होते. सर, बरोबर हाय का नाई, तुमी सांगा.

रसायन_शिक्षक

अगदी बरोबर. लोखंडापेक्षा अ‍ॅल्युमिनियम जास्त क्रियाशील, त्यामुळे मोकळं तांबं त्याच्यावर बसायला आणखी उत्सुक. उघड्या धातूवर तांब्याचे कण बसले की प्रत्येक कणाभोवती एक छोटा विद्युत घट तयार होतो. ओल मिळाली की तांबं तसंच राहतं आणि अ‍ॅल्युमिनियम झिजतं. टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात ते याच कारणानं.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते, आणि ती नेहमी उलटी केली जाते. वाळलेला बोर्डो लिंबानं किंवा व्हिनेगरनं पटकन विरघळतो, म्हणून लोक आधी तेच ओततात. पण आम्लात विरघळलं की तांबं पुन्हा मोकळं होतं आणि लॅकर उडालेल्या जागी थेट धातूवर जाऊन बसतं. म्हणून बोर्डो आधी भिजवायचा, साबणाचं पाणी आणि दातांचा जुना ब्रश घेऊन सगळा कोरडा थर पाण्यानं वाहवून टाकायचा. शेवटी फिकट निळी झाक उरली तरच सौम्य आम्ल, तेही थोडा वेळ, आणि लगेच भरपूर पाणी.

फवारणीच्या दिवशी घरी आल्यावर नुसत्या पाण्यानं चाक धुतलं तरी निम्मं काम होतं. ओला बोर्डो निघतो, वाळला की चुन्यामुळं पकड धरतो.

शाळा_दर्यापूर

पांढऱ्या ठिपक्यांबद्दल मी लिहिते, कारण आम्ही खारपाणपट्ट्यातले आहोत आणि हा त्रास आम्हाला रोजचा. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांचं भूगर्भातलं पाणी खारट आहे. बोअरच्या पाण्यानं गाडी धुवून उन्हात वाळू दिली तर पाणी उडून जातं आणि क्षार चाकावर राहतात. जितक्या वेळा धुवाल तितके थर चढतात. वरूडला पाणी इतकं खारं नसेल, पण बोअरचं जड पाणी तिथंही असणार.

मी काय करते ते सांगते. धुवायला बोअरचं पाणी चालतं, शेवटचा हात मात्र पावसाच्या साठवलेल्या पाण्याचा. ते संपलं की आरओचं, एक तांब्या पुरतो. आणि गाडी सावलीत धुवायची. लगेच जुन्या सुती धोतराच्या किंवा लुगड्याच्या फडक्यानं टिपून घ्यायची. टिपून घेणं हेच सगळ्यात मोठं काम आहे, त्यानंतर ठिपके बसतच नाहीत.

बसलेले ठिपके काढायला लिंबूसत्त्व. एक छोटा चमचा एका ग्लास पाण्यात. फडकं भिजवून ठिपक्यावर मिनिट-दोन मिनिटं धरायचं, हलकं पुसायचं, साबणाच्या पाण्यानं धुवायचं. एकदा निघाले नाहीत तर पुन्हा करायचं, द्राव तीव्र करायचा नाही. चाक गरम असताना काहीच लावायचं नाही. बाजारातून आल्याबरोबर डिस्कजवळचा भाग हाताला चटका देतो इतका तापलेला असतो, त्यावर द्राव वाळून नवाच डाग पडतो.

पांदण_वणी

ताईंनी पाण्याचं सांगितलं, मी मातीचं सांगतो. आमच्याकडं पांदण रस्ते आहेत आणि पावसाळ्यात काळी माती चाकात अशी भरते की मडगार्डमध्ये अडकून चाक फिरत नाही. ती सुकली की लोक खुरप्यानं, स्क्रू ड्रायव्हरनं उकरतात. त्याचे ओरखडे हेच पुढं डागांचे अड्डे होतात, कारण रंग फाटला की तिथून ओल आत शिरते.

ओलं पोतं चाकावर गुंडाळा, वर दोन-तीन वेळा पाणी मारा, तासभर राहू द्या. माती फुगते आणि हातानं सुटते. कोपऱ्यात राहिलेलीला बांबूची कामटी. काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून ती महिनोन्महिने चाकावर राहू देणं बरं नाही.

इकडं कोळशाची धूळही आहे. ती कधीही कोरड्या फडक्यानं पुसू नका, चरे पडतात. आधी पाणी, मग हात.

प्रेशरची नळी बेअरिंगच्या सिलवर आणि चेनवर सरळ मारू नका, ग्रीस धुवून जातं.

वावर_वरूड

सगळ्याईचे लय आभार. बोर्डो साबणानं आन् ब्रशनं निघाला, थोडी निळी झाक रायली हाय. फडक्याची परीक्षाही केली. बहुतेक जागी फडकं पांढरंच रायलं. पण व्हॉल्व्हच्या बाजूले एका हातभर कडीवर काळं झालं. आन् तिथं कडीच्या आत, लॅकरच्या खाली, सुतासारख्या पांढऱ्या नागमोडी रेषा दिसतात. वरून घासलं तरी जात नाईत. हे काय हाय?

आन् मागच्या चाकाच्या तपकिरी थराचं कोणी सांगितलं नाई.

बफ_भंडारा

त्या नागमोडी रेषा म्हणजे लॅकरखाली पसरलेला गंज. दगड लागून किंवा टायर काढताना पट्टीचा ओरखडा बसून लॅकर फाटतं, ओल आणि क्षार आत जातात आणि रेषा कडेनं सरकत जातात. वरून काहीही लावा, फरक पडणार नाही. तेवढ्या भागाचं लॅकर काढूनच दुरुस्ती होते.

आधी मागच्या चाकाचं. तपकिरी-काळा थर चेनच्या तेलाचा आणि धुळीचा, त्यात ब्रेकची भुकटीही असते. फडक्याला थोडं रॉकेल किंवा डिझेल लावा. रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेल चालतं. थर पुसा आणि नंतर साबणानं धुवा, म्हणजे टायरवर तेल राहणार नाही. पेट्रोल वापरू नका, ते चेनच्या ओ-रिंग खराब करतं आणि आगीची भीती. डिस्क आणि पॅडवर एक थेंबही जाता कामा नये. गेला तर पॅड बदलायची तयारी ठेवा, तेल पिलेला पॅड ऐनवेळी धरत नाही.

आणि हे मी हात जोडून सांगतो. गाडी डबल स्टँडवर लावून, गिअरमध्ये इंजिन चालू ठेवून फिरत्या चाकाला फडकं लावायची पद्धत सोडा. फडकं चेन आणि स्प्रॉकेटमध्ये ओढलं जातं आणि त्याच्यासोबत बोटं जातात. आमच्या कामात फिरत्या चाकापुढंच दिवस जातो, म्हणून याची धास्ती जास्त. इंजिन बंद, न्यूट्रल, हातानं चाक फिरवत जा.

आता उघडी पडलेली हातभर कड. टायर काढून घ्या किंवा निदान हवा सोडून टायरवर जाड चिकटपट्टी लावा. काळ्या रंगालाही पट्टी लावा. सैल झालेलं लॅकर रंग काढायच्या द्रावानं काढता येतं. हातमोजे आणि मोकळी हवा हवीच. थोडाच भाग असेल तर पेपरनंही निघतं.

मग वॉटर पेपर, पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. ४०० पासून सुरू करा, तेही खड्डे असतील तरच. नसतील तर ६०० पुरे. त्यानंतर ८००, १०००, १५००, २०००. प्रत्येक पेपरची दिशा आधीच्याला आडवी ठेवा. आडवं घासल्यामुळं आधीचे चरे दिसतात, आणि ते पूर्ण गेल्याशिवाय पुढच्या नंबरला जायचं नाही. हाच धीर सुटतो आणि मग २००० नंतरही ४०० चे चरे चमकत राहतात. पॉलिशनं चरे जात नाहीत, उलट उठून दिसतात. पेपर बदलताना पाणीही बदला, आधीच्या नंबरचा एक कण राहिला तरी पुन्हा मागं यावं लागतं.

खोल खड्डा असेल तर त्याच्या मागं लागू नका. तो बुजेपर्यंत घासलं तर कड पातळ होते. चाकाची ताकद दिसण्यापेक्षा मोठी.

शेवटी अ‍ॅल्युमिनियमचं पॉलिश आणि सुती फडकं. पितळेच्या पॉलिशमध्ये अनेकदा अमोनिया असतो. ते चालून जातं, पण लगेच पुसून धुवावं लागतं, म्हणून अ‍ॅल्युमिनियमसाठीचंच घ्या. फडकं काळं होईल, होऊ द्या. काळं झाल्यावर घडी बदला.

बफिंगच्या मशीनवर द्यायचं असेल तर कारागिराला विचारा की अ‍ॅल्युमिनियमचा बफ वेगळा ठेवतो का. लोखंडाला किंवा पितळेला लावलेला बफ याला लावला तर त्यातले कण चाकात घुसतात. बफला आधी तपकिरी साबण (पॉलिशची वडी), मग पांढरा. दाब कमी. अ‍ॅल्युमिनियम मऊ आहे, तापलं की ओढलं जातं आणि लाटा पडतात. अ‍ॅल्युमिनियमची कोरडी भुकटी पेट घेते, म्हणून त्याच जागी लोखंड ग्राइंड करून ठिणग्या पाडायच्या नाहीत.

पांदण_वणी

भाऊ, एक शंका. एवढी मेहनत करायचीच तर सगळं लॅकर काढून दोन्ही चाकं आरशासारखी उघडी का ठेवू नयेत? फोटोत तशीच चाकं सुंदर दिसतात.

बफ_भंडारा

दिसतात, आणि मला ते काम मिळालं तर मी करूनही देईन. पण वापर पाहून सल्ला द्यावा लागतो. ज्याची गाडी धुऱ्यावर उभी राहते, जिच्यावर खताचं पोतं आणि पंप जातो, तिचा धातू उघडा ठेवणं मला पटत नाही. युरिया, डीएपी सांडलं, पालाशच्या खतातलं क्लोराइड लागलं, बोर्डो उडाला, की थेट धातूवर. उघड्या चाकाला मेण लावून काही आठवडे निभतं, पावसाळ्यात त्याहून कमी. शेतीच्या धांदलीत हे होत नाही.

माझं मत असं की शेताच्या गाडीला कोटिंग हवंच. कड दुरुस्त झाली की त्यावर पुन्हा लॅकर मारा. पण अगदी आरशासारख्या गुळगुळीत धातूवर लॅकर नीट धरत नाही, कालांतरानं पापुद्रे सुटतात. म्हणून लॅकर मारणार असाल तर १००० च्या पेपरवर थांबा, पॉलिश लावूच नका, आणि स्पिरिटनं पुसून तेलकटपणा पूर्ण घालवा. चमक थोडी कमी, टिकाऊपणा जास्त. दोन घटकांचं लॅकर चांगलं, पण त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. नुसतं फडकं बांधून ते फवारू नये, ते काम पेंटरच्या बूथमध्येच होऊ द्या.

पूर्ण चाक खराब असेल तर पावडर कोटिंग. ते भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांवर पक्कं होतं, म्हणून बेअरिंग, सिल, व्हॉल्व्ह सगळं आधी काढलेलं असलं पाहिजे. कुणी बेअरिंगसकट चाक भट्टीत घालतो म्हणाला तर तिथून परत या.

शाळा_दर्यापूर

मेणाबद्दल थोडं. माझ्या स्कूटीची चाकं पूर्ण रंगवलेली आहेत, त्यामुळं मेटल पॉलिशचा प्रश्नच नाही. पण गाडीच्या बॉडीचं मेण चाकालाही लावते आणि खारं पाणी त्यावर थांबत नाही, ओघळून जातं. धुवून, पूर्ण सुकवून, पातळ हात, वाळलं की पुसायचं. डिस्कला आणि ड्रमच्या आत मेण जाऊ द्यायचं नाही. पूजेत हळद-कुंकू चाकाला लावतात आणि लिंबू चाकाखाली चिरडतात, ते सगळं त्याच दिवशी धुवून टाकलं तर डाग राहत नाहीत. मेण आधीच लावलेलं असेल तर नुसत्या पाण्यानं जातं.

संत्रा_मोर्शी

एक अजून इचारतो. माह्या मागच्या चाकाची हवा दर काही दिवसाले कमी होते. पंक्चर नाई सापडत. पाण्यात बुडवलं तं टायर आन् रिमच्या सांध्यातून बुडबुडे येतात. टायर ट्यूबलेस हाय. टायरवाला म्हणते ट्यूब टाक. ह्याचा अ‍ॅल्युमिनियमशी काई संबंध हाय का?

बफ_भंडारा

आहे. टायर जिथं रिमवर बसतो त्या बैठकीवर पांढरी भुकटी धरलेली असणार, तो अ‍ॅल्युमिनियमचाच गंज. त्यामुळं रबर सपाट बसत नाही आणि हवा झिरपते. टायर उतरवून बैठक नायलॉनच्या खरखरीत पॅडनं, साबणाच्या पाण्यात, गोल गोल फिरवत साफ करा. तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर नको, खोल चरे पडले तर हवा तिथूनच जाईल. धुवून पूर्ण सुकवा, टायरच्या कडेची जुनी घाणही पुसा, मग ट्यूबलेससाठीचा बीड सीलर (टायरच्या कडेला लावायचा हवाबंद लेप) पातळ लावून टायर बसवा. व्हॉल्व्ह जुना असेल तर त्याच वेळी बदला, तो स्वस्त आहे आणि टायर तसाही उतरलेला असतो. हवा भरल्यावर दोन्ही सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवून पाहा. साफ केल्यावर बैठकीवर तडा किंवा नखाला लागणारा खोल खड्डा दिसला तर मात्र ते चाक वेल्डिंगला देऊ नका, चाक बदला.